खोक्यातली पाच अंडी

आई गावाहून, बेडशाहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मागच्या खोलीतले दोन अजगर बघून तिनं एकच प्रश्न विचारला. "इख हाय का?" मी म्हटलं, विष नसतं यांना. मग तिनं पदर खोचला, लंगडत पुढे झाली आणि काचेला नाक लावून चांगली दहा मिनिटं आत बघत राहिली.

मी कामशेतला बाजारामागच्या एका इमारतीत एकटी राहते. परंदवडीकडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माप बघायचं, बसलं तर पुढे, नाही बसलं तर लाल टॅग, असं माझं काम. बावीस वर्षं हेच केल्यामुळे माझी जीभही तशीच झालीय. कुणाला कारणं सांगत बसायचा मला भारी कंटाळा. एकदा सांगितलं की सांगितलं. आईशीही मी तशीच बोलायची, हे इथे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

अजगर कुठून आले, हे लोक पहिलं विचारतात. लोणावळ्यात माझे एक स्नेही आहेत, वयानं मोठे, आयुष्यभर मासे, पोपट, कासवं यांत रमलेले. मी त्यांच्याकडे माशांची जुनी काचपेटी आणायला गेले होते. तिच्यात बॉल पायथनची जोडी बसली होती. आफ्रिकेकडचा छोटा अजगर. मादी चार फुटांची, नर तीनचा. घाबरला की चावायचं सोडून अंगाचा चेंडू करतो आणि डोकं मधे लपवून बसतो. मला हसूच आलं. एवढी ताकद अंगात, आणि करायचं काय, तर तोंड लपवायचं! स्नेह्यांना आता वयामुळे होत नव्हतं. नोंदणीचे कागद माझ्या नावावर करून घेतले आणि जोडी घरी आणली. आपल्या डोंगरातला अजगर घरात ठेवणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, हेही सांगून टाकते. नाहीतर लोक माझ्याकडे बघायला लागतात.

आई आली त्याला कारण तिचा पाय. जानेवारीत घरामागे, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी ती पडली. दुपारी पडली, आणि दिवेलागणीला शेजारची बाई पाणी मागायला आली तेव्हा सापडली. तेवढा वेळ ती हाका मारत होती आणि कुणाला ऐकू गेलं नाही. मला हे फोनवर कळलं तेव्हा मी लाईनवर उभी होते, आणि तिथेच मी ठरवलं की आता हिला एकटीला तिथे ठेवायचं नाही. काही झालं तरी नाही. प्लास्टर घातलं, अकरा कोंबड्या शेजारणीला दिल्या आणि आईला उचलून कामशेतला आणलं.

पण ठरवणारी मी कोण! आईनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "पाय बरा झाला की म्या जानार." मग दर दोन दिवसांनी तेच. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. इथे तिला करायला काही नव्हतं. स्वयंपाक दोघींचा, तो अर्ध्या तासात व्हायचा. टीव्ही तिला आवडत नाही. सकाळी त्रिशरण म्हणून झालं, चहा झाला, की दिवस नुसता पडलेला. शेजारच्या बायका चांगल्या आहेत, पण त्यांच्याशी बोलायचं काय? त्यांना शेत नाही, कोंबडी नाही, त्या तरी काय बोलणार.

उरले अजगर. पहिलं भांडण उंदरांवरून झालं. अजगरांचं खाणं म्हणजे गोठवलेले पांढरे उंदीर, आणि ते फ्रीजमध्ये. आईनं बर्फ काढायला खण उघडला आणि उंदीर हातात आला. त्या दिवशी तिनं मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मी दुसऱ्या दिवशी एक छोटा जुना फ्रीज आणून मागच्या खोलीत ठेवला. मग तिचा राग गेला, आणि उंदीर कोमट पाण्यात ठेवून कसा नरम करायचा, हे तिनं माझ्याकडून शिकून घेतलं. मादी उंदीर धरायची तेव्हा आई श्वास रोखून बघायची. एवढंसं तोंड, आणि आख्खा उंदीर आत जातो कसा? जबडा कुठून उघडतो? मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं, आणि मला फारसं माहीत नव्हतं.

नराच्या शेपटीजवळ दोन बारीक नख्या असतात. पूर्वी कधीतरी पाय होते, त्यांचं उरलेलं. मी त्या दाखवल्या तेव्हा आईला पटेना. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितल्या, बोटानं चाचपल्या. "पाय व्हते आन टाकून दिले?" म्हणाली. कुणी टाकून दिले, का दिले, त्याला पायांवाचून बरं कसं चालतं, असे प्रश्न तिनं मला आठवडाभर विचारले. मी कामावरून आले की दारातच एक नवा प्रश्न तयार. खरं सांगायचं तर मला आवडायला लागलं होतं. चाळीस वर्षांत आईनं मला काही विचारलं नव्हतं, ती सांगायचीच.

थंडीत नराला मादीच्या पेटीत सोडलं होतं. फेब्रुवारीपासून मादीनं खाणं सोडलं, अंग जाड व्हायला लागलं, आणि आईनं माझ्या आधी ओळखलं. मी म्हटलं, स्नेह्यांना विचारते. ती म्हणाली, विचार बापडी. तिला पोटाचा आकार बघून कळलं होतं. एप्रिलात एका सकाळी मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली दिसली. डोकं सगळ्यांवर ठेवलेलं. आईनं मला हाक मारली ती माहेरवाशिणीला मुलगा झाल्यासारखी. त्या दिवसापासून मादीचं नाव बाळंतीण पडलं. तिला डिंकाचा लाडू चालेल का, असं आईनं मला विचारलं आणि स्वतःच हसली. कामशेतला आल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी हसली.

आता चूक कुठे झाली ते सांगते. स्नेह्यांनी मला शिकवलं होतं की अंडी काढून घ्यायची, थर्माकोलच्या खोक्यात ओलसर परलाइटवर, म्हणजे कुंड्यांत घालतात त्या पांढऱ्या हलक्या खड्यांवर ठेवायची, खाली गरम होणारी चटई, तापमान बत्तीसला बांधलेलं. म्हणजे हिशेब आपल्या हातात राहतो आणि मादी लवकर खायला लागते. आईला ते मुळीच पटलं नाही. आईखालनं अंडी काढू नयेत, बाळंतिणीला कळतंय, खोक्याला काय कळणार, असं ती सकाळपासून म्हणत होती. मी तयारी करून बसलेली. मी म्हटलं, "आई, यातलं तुला कळत नाही. खोक्याला हात लावायचा नाही." तिनं तोंड मिटलं. का लावायचा नाही, हे मी सांगितलं नाही.

मी अंडी काढून खोक्यात ठेवली. पाच होती. कोंबडीच्या अंड्यासारखं कडक कवच नाही, कातडी पिशवीसारखं मऊ. तीन एकमेकांना घट्ट चिकटलेली, दोन सुटी. आईनं न सांगता मोबाईलचा टॉर्च घेतला, खोलीचा पडदा ओढला आणि एकेक अंडं न उचलता उजेडात बघितलं. गावी ती मूठ वळून, अंडं उन्हात धरून बघायची, तीच नजर. आत लाल शिरा पसरलेल्या. पाचांतही. "पाचीत जीव हाय," म्हणाली. मी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं छोटा गोल काढला. सापाचं अंडं ज्या बाजूनं ठेवलं त्याच बाजूनं शेवटपर्यंत राहावं लागतं. पिल्लू आत वरच्या अंगाला चिकटून वाढतं, अंडं उलटलं की मरतं. म्हणून तो गोल. हेही मी बोलले नाही. कारण तिनं विचारलं नाही, आणि विचारलं नाही कारण मी तिचं तोंड आधीच बंद केलं होतं.

पुढचे दिवस घरात वेगळेच गेले. आई सकाळी लवकर उठायची. माझी पहिली पाळी असायची, मी निघेपर्यंत तिचा चहा, त्रिशरण, आंघोळ सगळं उरकलेलं. पायाचं दुखणं ती विसरली. बेडशाचं नावही काढेना. एक आठवडा गेला, दहा दिवस गेले, "म्या जानार" हे शब्द घरात ऐकू आले नाहीत. मला वाटलं, जमलं. हिनं घर धरलं.

अकराव्या दिवशी माझी सुट्टी होती. आई खाली भाजी घ्यायला गेली आणि मी खोक्याचं झाकण उघडलं. चिकटलेल्या तिघांवर माझे गोल वरती, जसेच्या तसे. सुट्या दोघांवर गोल दिसेना. मी वाकून बघितलं तर गोल खाली गेलेला, आणि वरती निळ्या बॉलपेननं बारीक फुली.

मला समजायला एक क्षणही लागला नाही, कारण मी तिच्या हाताखाली वाढले. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की चोचीनं अंडी फिरवत राहते, सगळीकडून ऊब लागावी म्हणून. आईनं लहानपणी मला ते दाखवलं होतं. आणि कोंबडी मधेच मेली किंवा उठून गेली, तर आई ती अंडी कापडात ठेवून स्वतः फिरवायची. कुठलं फिरवलं, कुठलं राहिलं, हे कळावं म्हणून कोळशाची खूण करायची. या खोक्यात अंड्यांवर त्यांची आई नव्हती. मग आईचं काम कुणीतरी करायला नको? तिनं ते केलं होतं. रोज, नेमानं, खूण करून. चिकटलेली तीन अंडी फाटतील म्हणून तिनं तेवढी सोडली होती. माझ्या हाताखालच्या एकाही माणसानं इतकं नीट काम कधी केलं नाही.

मी टॉर्च लावून बघितलं. तिघांत शिरा दाट झालेल्या. दोघांत नुसता पिवळट उजेड. स्नेह्यांना फोन केला. ते म्हणाले, गेलीच असतील, पण घाई करू नकोस, राहू दे. मी खोक्यापाशी बसून राहिले. मला रडायला आलं आणि रागही आला. अंडी गेली याचा होताच, पण त्याहून स्वतःचा जास्त आला. दोन वाक्यं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात आई आली. हातात मेथीची जुडी, चेहरा लाल झालेला. जिना एका दमात चढले म्हणून सांगत होती. अजून किती दिवस, म्हणून विचारायला लागली. पिल्लं बाहेर येतील तेव्हा मी सुट्टी घ्यायला हवी, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. आता सांगितलं तर ही उद्या बेडशाला जाईल. मेलेलं आता आणखी काय मरणार? फिरवू दे. मी झाकण लावलं आणि मेथी निवडायला घेतली.

मी ते दीड महिना चालवलं. त्या दोन अंड्यांपैकी एकावर बुरशी यायला लागली तेव्हा आई आंघोळीला गेली की मी ती कापसानं पुसायची. अंडी खपाटीला गेली तेव्हा आईनं विचारलं. मी म्हटलं, शेवटी सगळीच अशी होतात. ते अर्धं खरं होतं, बाकीची तीनही तेव्हा बसायला लागली होती. तिनं विश्वास ठेवला. आयुष्यभर इंचाचा शंभरावा भाग चुकला तर माल परत पाठवणारी मी, घरात रोज खोटा माल पास करत होते.

अठ्ठावन्नाव्या दिवशी चिकटलेल्यांपैकी एका अंड्याला बारीक चीर पडली आणि नाकाचा शेंडा बाहेर आला. आईनं शेजारच्या दोघींना बोलावून आणलं. पिल्लू डोकं बाहेर काढून तसंच बसलं, दिवसभर. जगात यावं की नाही असा विचार चाललाय, असं आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिन्ही डोकी बाहेर. तिसऱ्या दिवशी तिघंही पूर्ण बाहेर, वीतभराहून थोडी लांब, ओली, चकचकीत, अंगावर बाळंतिणीचीच नक्षी. आईनं एकाला हातात घेतलं तर त्यानं तिच्या ओंजळीत लिंबाएवढा चेंडू केला. तिनं मला किती वेळा ते बघायला लावलं!

मग ती सुट्या दोघांकडे वळली. ती का फुटत नाहीत? कोंबडीचं पिल्लू अडकलं तर आई कवच सोलून मदत करते. तिनं कात्री मागितली. मी राहू दे, राहू दे म्हणाले. तिनं ऐकलं नाही. कात्रीनं कवच कापलं. आत घट्ट झालेला पिवळा बलक, आणि त्यात नखाएवढं, वाळलेलं काहीतरी वळलेलं.

"ह्ये तर आठ-धा दिसांचंच हाय," आई म्हणाली.

मी म्हटलं, ती सुरुवातीपासूनच कमजोर असतील. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पाचांच्या शिरा तिनं स्वतः बघितल्या होत्या. तिनं कापलेलं कवच हातात घेतलं, त्यावरची आपली फुली बघितली. दुसरं अंडं उचललं, त्यावरची बघितली. मग तिघांची रिकामी कवचं चाचपली, त्यांच्यावर फुली नव्हती.

"ज्यांना हात लावला ती गेली," ती म्हणाली. "ज्यांना न्हाई लावला ती जगली."

मग मी सांगितलं. पिल्लू वरच्या बाजूला चिकटतं, गोल कशाचा, फिरवलं की काय होतं, सगळं. चूक माझी आहे, मी तुला सांगायला हवं होतं, तू बाळंतिणीखाली ठेव म्हणत होतीस तेच बरोबर होतं, हेही सांगितलं. आई ऐकत होती. तिला दुःख झालं होतं, पण ती मोडली नव्हती. कोंबड्यांच्या धंद्यात अंडी जातातच. मग तिनं विचारलं, "तुला कवा कळलं?"

तिथे मी खोटं बोलले असते तर ती आज इथेच असती, असं मला पुढे कितीदा वाटलं. पण माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, अकराव्या दिवशी.

तिनं बोटं मोजली. मग कवच खाली ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले. "म्हंजी दीड म्हैना तू माज्याकडनं मेलेली अंडी उबवून घेतलीस," म्हणाली. "म्या काय ल्हान पोर हाय, हातात बाव्हली देऊन बशिवलंस?"

मी म्हटलं, तू खूश होतीस. तू जाऊ नयेस म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि बेडशावरून पवनेकडे जाणाऱ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून निघून गेली. मी स्टँडवर उभी राहिले. तिनं मला, नीट जेवत जा, एवढंच सांगितलं.

तीन आठवडे गेले. रोज संध्याकाळी मी शेजारणीला फोन करून आई उठली का, चालते का, हे विचारायची. आईला करायचं धाडस होईना. पिल्लांची नोंद झाली, त्यांनी पहिली कात टाकली, दोघांनी उंदराची पिल्लं खाल्ली. तिसरं खाईना. मी कोमट केलं, अंधार केला, पेटी बदलली, स्नेह्यांना चारदा विचारलं. ते तोंड फिरवून कोपऱ्यात चेंडू करून बसायचं. पाठीचा कणा दिसायला लागला होता.

एका दुपारी आईचाच फोन आला. माझी खुशाली विचारली, आपली सांगितली. मग म्हणाली, "तीनी पोरं खात्यात न्हवं?"

'हो' माझ्या ओठावर आला होता. ती तिकडे, पाय दुखरा, तिला कशाला घोर लावायचा? मी 'हो' म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं.

मी म्हटलं, "दोघं खातात. धाकटं खात नाही. अकरा दिवस झाले. मला काही सुचत नाही, आई. मरेल बहुतेक."

"येती म्या उद्याच्याला," ती म्हणाली. "पर मेलं तर मेलं म्हनायचं. त्येवडं जमंल का तुला?"

मी म्हटलं, जमेल.